जिम्नी, जिप्सी, थार घेतली आणि आता हायवेला निघालात? खान्देशातल्या नवख्यांसाठी सगळं एका जागी

आपल्याकडे जळगाव-धुळे-नंदुरबारला छोट्या फोर बाय फोर गाड्या आता बऱ्याच दिसायला लागल्यात, कोणी नवी जिम्नी घेतो, कोणी थार, कोणी मिलिटरीच्या लिलावातली जुनी जिप्सी आणून तिला हिरव्याची काळी करतो. घेणारा माणूस बहुतेक आधी स्विफ्ट नाहीतर आय ट्वेंटी चालवलेला असतो. गाडी घेतल्यावर पहिले पंधरा दिवस शेतात, नाल्यात, पाटाच्या कडेनं मजा येते, आणि मग घरचे म्हणतात चला नाशिकला जाऊन येऊ. लळिंग घाट उतरेपर्यंत ड्रायव्हरचे खांदे आखडलेले आणि मागच्या सीटवर आई रामरक्षा म्हणते आहे. परत आल्यावर फोन येतो, भो गाडी हलते, स्टीअरिंग ढिलं आहे, शोरूमवाल्याने फसवलं काय?

बहुतेक वेळा कोणी फसवलेलं नसतं. गाडी तशीच असते. ती चिखलात चालावी म्हणून ज्या गोष्टी केल्यात त्याच गोष्टी हायवेला आडव्या येतात, आणि त्या समजून घेतल्या तर हीच गाडी सुरतेपर्यंत, नागपूरपर्यंत आरामात जाते. माझं म्हणणं एकच आहे, हिचा स्वतःचा एक वेग आहे, साधारण 80 ते 90, तो मान्य करा आणि बाकी सगळं ड्रायव्हिंग त्याच्याभोवती बसवा. ज्याला हे पटत नसेल त्याने सेडान घ्यावी, वाईट काही नाही त्यात.

आधी गाडी समजून घ्या

जिम्नीची रुंदी 1645 मिमी आणि उंची 1720, म्हणजे रुंद कमी आणि उंच जास्त. ग्राउंड क्लिअरन्स 210. खाली लॅडर फ्रेम (शिडीसारखी लोखंडी चौकट), पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड अॅक्सल, म्हणजे डावं चाक खड्ड्यात गेलं की उजव्यालाही त्याची खबर लागते. जिप्सीचंही तेच, वर तिला लीफ स्प्रिंग, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) नाही, एअरबॅग नाही, पॉवर स्टीअरिंग नाही. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 2375 मिमी, त्यामुळे पुलाच्या जॉइंटवरून जाताना पुढचा दणका बसेपर्यंत मागचा हजर. थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे त्यामुळे पुढचं टोक थोडं शहाण्यासारखं वागतं, पण उंची आणि वजन आहेच.

आता स्टीअरिंग. जिम्नीला रिसर्क्युलेटिंग बॉल स्टीअरिंग आहे, कारला असतं तसं रॅक अँड पिनियन नाही. दगडावर चाक आपटलं तर झटका हातापर्यंत येऊ नये म्हणून हे दिलेलं असतं. त्याची किंमत अशी की मधोमध थोडी ढील वाटते आणि वळण संपल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ व्हायला आळस करतं. नवीन माणूस काय करतो, ढील वाटली की थोडं डावीकडे ओढतो, गाडी उशिरा वळते, मग घाबरून उजवीकडे ओढतो, आणि अशी गाडी नागमोडी चालायला लागते. तर नजर बोनेटच्या पुढे ठेवायची नाही, तीन-चारशे मीटर लांब ठेवायची, हात नऊ आणि तीनवर, पकड सैल. लांब बघितलं की हात आपोआप कमी हलतात, करून बघा.

इंजिनाचं पण समजून घ्या. जिम्नीचं 1462 सीसी इंजिन, साधारण 105 पीएस, टॉर्क 134 एनएम तोही 4000 आरपीएमला. पाच गिअरच आहेत, पाचव्यात शंभरला इंजिन तीन हजाराच्या आसपास फिरत असतं. म्हणजे पाचव्यातच राहून अॅक्सिलरेटर दाबला तर फक्त आवाज वाढतो, गाडी विचार करत बसते. जिप्सी किंगचं 1.3 एमपीएफआय तर 80 बीएचपीचं. दोन्हींत ओव्हरटेकच्या आधी गिअर टाकायचा, ओव्हरटेक सुरू झाल्यावर नाही. ऑटोमॅटिक जिम्नी फोर स्पीड आहे, ती गिअर खाली टाकते पण जरा वेळ घेऊन आणि मोठ्याने ओरडून, तेवढा वेळ हिशोबात धरा.

निघायच्या आदल्या दिवशी

सगळ्यात महत्त्वाचं हवा. जे लोक तोरणमाळला किंवा तापीच्या रेतीत खेळायला जातात ते टायरची हवा 15-18 पीएसआयपर्यंत उतरवतात, बरोबरच आहे, रेतीत त्याशिवाय गाडी चालतच नाही. पण तशीच गाडी हायवेला आणायची नाही, दहा किलोमीटर पण नाही. कमी हवेत टायरची बाजू सारखी मुडपते, गरम होते, आणि आपल्याकडे मे महिन्यात भुसावळला 45 अंशाच्या वर जातं तेव्हा रस्ता आधीच तव्यासारखा असतो. छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा, बॅटरीला लावायचा चालतो, दोन-अडीच हजारांत येतो.

आणि एक आपल्याकडचा ठाम समज, उन्हाळ्यात हवा कमी ठेवा म्हणजे टायर फुटत नाही. पंक्चरवाला दादा पण सांगतो, काका पण सांगतात. उलटं आहे. हवा कमी असली की टायर जास्त गरम होतो, फुटायचं कारणच ते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत स्टिकर आहे त्यावर जो आकडा आहे तो सकाळी थंड टायरला भरायचा. चालल्यावर चार-पाच पीएसआय वाढलेली दिसेल, ती वाढणार हे कंपनीने धरलेलंच असतं, ढाब्यावर थांबून काढत बसू नका. स्टेपनीची हवा पण बघा, मागच्या दाराला लटकलेली असते म्हणून रोज दिसते आणि म्हणूनच कोणी तपासत नाही.

टायर मोठे टाकले असतील तर थोडं गणित. जिम्नीचा मूळ टायर 195/80 आर 15, व्यास साधारण 693 मिमी. त्याजागी 235/75 आर 15 टाकला तर 733 होतो, म्हणजे जवळपास सहा टक्के जास्त. काट्यावर 100 दिसतं तेव्हा आधी जेवढा वेग असायचा त्यापेक्षा आता सहा टक्के जास्त पळताय, कॅमेऱ्याला ते दिसतं, तुम्हाला नाही. वर पिकअप मेलं, ब्रेकला जास्त काम. मड टेरेन टायर असतील तर ओल्या डांबरावर थांबायला जास्त अंतर लागतं, ते दिसायला भारी आहेत एवढंच. रील बनवायची असेल तर टाका, रोज जळगाव-धुळे करायचं असेल तर हायवे टेरेन नाहीतर ऑल टेरेनवर राहा.

सामान. मागची सीट उभी असताना जिम्नीची डिकी 208 लिटरची, म्हणजे दोन बॅगा आणि केळीचा एक घड. मग लोक कॅरिअर टाकून वर लादतात. आधीच उंच गाडी, तिच्या डोक्यावर गव्हाचं पोतं कशाला? जड सामान खाली आणि सीटच्या पाठीला टेकवून, हलकं वर. कॅरिअर रिकामं असलं तरी वारा अडवतं, मायलेज खातं.

पुढे लोखंडी बुल गार्ड लावलं असेल तर काढून टाका, 2017 च्या डिसेंबरपासून केंद्राने बंदी घातली आहे, आणि एअरबॅगवाल्या गाडीत धडकेचा धक्का सेन्सरला जसा पोचायला पाहिजे तसा मग पोचत नाही. छतावरची एलईडी पट्टी जंगलात लावा, हायवेला तिच्यावर कव्हर.

फास्टॅगमध्ये पैसे बघून ठेवा. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम आला, टॅग नसेल किंवा चालत नसेल तर रोख भरताना दुप्पट, यूपीआयने सव्वापट. सारखं नशिराबाद, सोनगीर, लळिंग टोल ओलांडणाऱ्याने वार्षिक पासचा विचार करावा, ऑगस्ट 2025 मध्ये तो 3000 रुपयांना सुरू झाला, एक वर्ष किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलला चालतो, समृद्धीला नाही.

टू एच म्हणजे टू एच

टू एच म्हणजे फक्त मागची चाकं गाडी ढकलतात, फोर एच म्हणजे चारही. हे वेगळं लिहितो कारण दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतंच, दादा हायवेला फोर एच टाकून चालवलं तर ग्रिप चांगली नाही का भेटणार. नाही. जिम्नी, थार, जिप्सी सगळ्या पार्ट टाइम फोर व्हील ड्राइव्ह. फोर एच टाकलं की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकत्र बांधला जातो. वळताना पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, चिखलात चाक थोडं घसरून ते जुळवून घेतं, कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, मग सगळा ताण गिअरमध्ये, अॅक्सलमध्ये साठतो. वळताना गाडी अडखळते, टायर चिरकतात, लीव्हर परत टू एचला यायला मागत नाही. आणि ब्रेक लागायला फोर व्हील ड्राइव्हचा काही उपयोग नसतो, थांबायला चारही चाकं प्रत्येक गाडीत लागतातच. म्हणून हायवेला टू एच, बास. जिप्सीवाल्यांनी पुढचे हब (चाक अन् आतला शाफ्ट जोडणारी-सोडणारी कळ) पण फ्री करून निघायचं, नाहीतर पुढचा सगळा कारखाना उगाच फिरत राहतो आणि पेट्रोल जातं.

पहिला सराव कुठे करायचा

रविवारी सकाळी सातच्या सुमारास निघा. पहाटे चार-पाचला निघू नका, रस्ता मोकळा दिसतो पण रात्रभर जागलेले ट्रक ड्रायव्हर त्याच वेळेला डुलक्या खातात. जळगाववाल्यांनी पाळधीच्या पुढे निघून एरंडोल, पारोळा करून परत यावं. धुळेवाल्यांना सोनगीर-नरडाणा-शिरपूर सरळ आहे. नंदुरबारवाल्यांनी विसरवाडीला येऊन नॅशनल हायवे 53 पकडावा, पण पहिल्याच दिवशी कोंडाईबारी घाट नको, साक्रीकडे न जाता नवापूरच्या बाजूला या.

पहिल्या फेरीत एकटे किंवा एखादा शांत मित्र सोबत. गाणी बंद. सर्व्हिस रोडवरून हायवेला लागताना आरशात बघून थांबायचं, मग तिसऱ्यात ताणून 60 पर्यंत आणायची आणि मग मिसळायचं, 30 च्या वेगाने मधल्या लेनमध्ये घुसू नका, मागून येणाऱ्या ट्रॅव्हल्सला तुमची दया येणार नाही. एकदा डाव्या लेनला स्थिर झालात की 70 वर दहा मिनिटं चालवा. फक्त गाडी सरळ ठेवणं शिका. मग 80. मोकळा रस्ता, मागे कोणी नाही असं बघून एकदा जोरात ब्रेक मारून बघा, गाडी कुठे ओढते, नाक किती खाली जातं, एबीएस पायाखाली कसं थरथरतं, हे खरी वेळ यायच्या आधी माहीत पाहिजे. जिप्सीला एबीएस नाही, तिचं चाक जाम होऊन गाडी घसरू शकते म्हणून तिला दाबून-सोडून-दाबून.

चौपदरी हायवेला कारसाठी केंद्राची कमाल मर्यादा 100 आहे आणि एक्स्प्रेसवेला 120, पण बोर्डवर कमी लिहिलेलं असेल तर बोर्ड खरा. आणि मर्यादा 100 आहे म्हणून 100 ने चालवलंच पाहिजे असं नाही ना. 85 आणि 105 मध्ये जळगाव ते धुळे जेमतेम बारा-पंधरा मिनिटांचा फरक पडतो, तेवढा वेळ पारोळ्याला चहात जातो.

ट्रक, आणि ओव्हरटेक

चौपदरीला ट्रक उजव्या लेनने 50 च्या वेगाने चालून राहिला हे आपल्याकडचं रोजचं दृश्य. डिपर द्या, हॉर्न द्या, थोडी वाट बघा. त्याने डावीकडे घेतलं तर ठीक, नाहीतर डावी लेन लांबपर्यंत मोकळी आहे, बाजूला कट नाही, बस थांबा नाही, ट्रॅक्टर नाही हे बघूनच डावीकडून काढा, आणि तो ऐनवेळी डावीकडे येऊ शकतो हे डोक्यात ठेवून.

उंच कंटेनरच्या बाजूने जाताना एक गोष्ट होते जी कारमध्ये एवढी कळत नाही. त्याच्या शेपटीजवळ पोचलात की हवा कमी झाल्यासारखं वाटतं, गाडी त्याच्याकडे ओढल्यासारखी होते. मग केबिनच्या पुढे निघताक्षणी वाऱ्याचा धक्का बसतो आणि गाडी उजवीकडे ढकलली जाते, तिथे डिव्हायडर असतो. हा धक्का येणार हे माहीत असेल तर काहीच नाही, हात थोडे घट्ट, स्टीअरिंग सरळ. माहीत नसेल तर माणूस दचकून उलटा ओढतो. ट्रकला चिकटून जाऊ नका, मध्ये जागा ठेवा.

साक्री भागात तर वाऱ्याचं वेगळंच आहे. ब्राह्मणवेलच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या कोणी शोभेला उभ्या केल्या नाहीत. आषाढात तिथे आडवा वारा असा लागतो की जिम्नीसारखी सरळ भिंतीची गाडी अख्खी बाजूला सरकते. पंख्यांची पाती जोरात फिरताना दिसली की वेग 70 वर आणा. टेकडीच्या आडून मोकळ्यावर येताना, पुलावर चढताना आणि ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताना, या तीन जागी झोत लागतो.

दुपदरी रस्त्याचा हिशोब सांगतो कारण चोपडा-यावल-फैजपूर-सावदा-रावेर हा आपला केळीचा पट्टा, तिथे अजून समोरासमोर वाहतूक आहे आणि केळीच्या गाड्यांना घाई असते, माल पिकायच्या आत दिल्लीकडे पोचवायचा असतो. समजा ट्रक 60 ने चालला आहे आणि तुम्ही 80 ने काढताय. फरक 20 किमीचा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ट्रकची लांबी आणि मागचं-पुढचं अंतर धरून पंचावन्न मीटर तुम्हाला जास्त जायचंय, म्हणजे दहा सेकंद. दहा सेकंदांत तुम्ही 80 ने सव्वादोनशे मीटर जाल. समोरून येणारा पण 80 ने असेल तर तोही तेवढाच जवळ येतो. साडेचारशे मीटर रस्ता स्वच्छ दिसायला पाहिजे, आणि हे सगळं काठावरचं गणित, वर शंभर-दीडशे मीटर सोडा. रावेरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना केळीची भिंत असते, वळणावर पन्नास मीटर पण दिसत नाही. मागे राहा मग. पन्नास मीटर मागे राहिलात तर रस्ता दिसतो, ट्रकच्या बंपरला नाक लावून काहीच दिसत नाही.

मोकळ्या हायवेला पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन म्हणायचं, त्याआधी तुम्ही खांबाला पोचलात तर जवळ आहात. 100 ला गाडी सेकंदाला 28 मीटर जाते, पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर संपलेलं असतं. मध्ये जागा ठेवली की कोणीतरी घुसतंच हे मान्य आहे. घुसू द्या, परत मागे व्हा.

अचानक आडवं आलं तर

कुत्रं, शेळी, रोही, डुक्कर, उलट्या दिशेने येणारी मोटरसायकल. खान्देशात रोही म्हणजे नीलगाय शेतातून सरळ हायवेवर उडी मारते, विशेषतः संध्याकाळी. अशा वेळी उंच गाडीत जोरात स्टीअरिंग मारणं म्हणजे गाडी उलटवायचं आमंत्रण. सरळ रेषेत पूर्ण ताकदीने ब्रेक. कमी वेगात सरळ धडक बसली तरी सीटबेल्ट, एअरबॅग आपलं काम करतात, चार कोलांट्या खाल्ल्यावर कशाचीच खात्री नाही. जिम्नीला ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) आहे तो मदत करतो पण भौतिकशास्त्र बदलत नाही. मागे बसलेल्यांचे पण बेल्ट, आजीचा पण.

साइडपट्टीवर डावी चाकं उतरली तर लगेच वर ओढू नका. डांबराची कड चार बोटं उंच असते, तिच्यावर चाक तिरकं घासत राहतं आणि मग एकदम चढून गाडी पलीकडे फेकली जाते. अॅक्सिलरेटर सोडा, गाडी 30-40 वर येऊ द्या, मग हळूच वर.

तो थरथराट

सॉलिड अॅक्सलवाल्यांना हे कधीतरी होतं, आधी माहीत असावं. 70-80 च्या वेगात पुलाचा जॉइंट किंवा खड्डा लागतो आणि पुढची दोन्ही चाकं जोरात डावी-उजवी डुलायला लागतात, स्टीअरिंग हातातून सुटेल असं हलतं, डॅशबोर्ड खडखडतो. गाडी तुटली असंच वाटतं. घाबरून ब्रेक दाबू नका. अॅक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग घट्ट धरून ठेवा पण त्याच्याशी कुस्ती नको, इंडिकेटर देऊन डावीकडे घ्या, वेग 50 च्या खाली आला की बहुतेक वेळा थांबतं.

मग दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे. मिस्त्री पहिल्यांदा म्हणेल स्टीअरिंग डॅम्पर बदला. तो बदलल्यावर महिनाभर बरं वाटतं आणि परत सुरू होतं, कारण डॅम्पर फक्त लक्षण दाबतो. क्रमाने करायचं: चारही चाकांचं बॅलन्सिंग, टायरचा घास एकसारखा आहे का, टाय रॉडची टोकं, पॅनहार्ड रॉडचे बुश, किंगपिनचे बेअरिंग, व्हील बेअरिंग. एकाने गाडी चालू ठेवून स्टीअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायचं आणि दुसऱ्याने खाली झोपून कुठला जोड आधी खुळखुळतो ते बघायचं, पाच मिनिटांत सापडतं. मिलिटरीची जिप्सी घेतली असेल तर हे सगळं हायवेच्या आधीच करून घ्या. चिखलात खेळून आलात तर रिमच्या आत वाळलेली काळी माती धुऊन काढा, ती एका बाजूला चिकटलेली असली तरी चाक हलतं, आणि लोक उगाच बॅलन्सिंगचे पैसे घालत बसतात.

घाट

कन्नड घाट, बिजासन, कोंडाईबारी, लळिंग. उतरताना नियम एकच, ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरायचं, तिसरा नाहीतर दुसरा, ब्रेक मधून मधून. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे काका अजून आहेत, त्यांचं ऐकू नका. इंदूरहून येताना सेंधव्याच्या पुढे बिजासन उतरतो तेव्हा धोका तुमच्या ब्रेकचा कमी आणि मागच्या ट्रकच्या ब्रेकचा जास्त. जुलै 2023 मध्ये पळासनेरला ब्रेक फेल झालेला कंटेनर सरळ हायवेकाठच्या हॉटेलात घुसला होता, किती माणसं गेली. त्या उतारावर आरशात बघत राहा, भरलेल्या ट्रकच्या पुढे रेंगाळू नका, चहाला थांबायचं तर उतार पूर्ण संपल्यावर, रस्त्यापासून आत असलेल्या हॉटेलात.

रात्र, पाऊस आणि ऊस-कापूस

रात्री शक्यतो नकोच पहिले दोन-तीन महिने. ऊस आणि कापसाच्या दिवसांत मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर अशा ट्रॉल्या हायवेला असतात, शहाद्याकडे तर रांगच, डिपरच्या उजेडात ती काळी भिंत दिसते तेव्हा चाळीसेक मीटर उरलेले असतात. डिसेंबरात सारंगखेड्याची यात्रा असते, घोडे, घोड्यांच्या गाड्या, पायी चाललेली माणसं, त्या आठवड्यात दोंडाईचा-शहादा रस्त्याला घाई करायचीच नाही.

पहिल्या पावसात ट्रॅक्टर शेतातून काळी माती चाकाला घेऊन हायवेवर चढतात, दोनशे मीटर साबण लावल्यासारखा रस्ता होतो. वाहन शेतातून येताना दिसलं किंवा डांबराचा रंग बदललेला दिसला की आधीच हळू. त्यावर ब्रेक नाही, वळण नाही, अॅक्सिलरेटर सोडून सरळ.

समृद्धीला जायचं असेल तर

701 किलोमीटर, जून 2025 पासून पूर्ण सुरू, आपण तिथे संभाजीनगरकडून लागतो, धुळ्याहून चाळीसगाव-कन्नड, जळगावहून सिल्लोड. हलक्या गाड्यांना 120 ची मर्यादा आहे पण तुमच्या जिम्नीला कोणी 120 ने बोलावलं नाही. 90, आणि उजवी लेन फक्त ओव्हरटेकला. जिम्नीची टाकी 40 लिटरची, जिप्सी तर जेमतेम दहा-बारा देते, आधी टाकी फुल. रस्ता इतका सरळ की डोकं बंद पडतं, मऊ टपाची जिप्सी असेल तर टपाच्या फडफडीने कान दमतात ते वेगळं, दीड-दोन तासांनी उतरून चाला. आणि निघायच्या आधी दाल-बट्टी किंवा भरीत-पुरी दाबून खाऊ नका, तूप चढतं.

मध्येच गाडी थांबली

पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे डावीकडे घ्या, हजार्ड लावा, सगळे डाव्या दाराने खाली उतरून कठड्याच्या पलीकडे. गाडीच्या मागे उभं राहून फोनवर बोलायचं नाही, मागून येणारा तुम्हाला शेवटी बघतो. त्रिकोण किमान पन्नास मीटर मागे, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. राष्ट्रीय महामार्गाची मदत 1033, पोलीस 112, फोनवर कडेच्या दगडावरचा किलोमीटर आकडा सांगा.

चाक बदलायचं तर मुरमावर जॅक लावू नका, खाली रुततो, एक फळीचा तुकडा गाडीत ठेवा. उंच गाडी म्हणून जॅकही जास्त वर जातो, हँडब्रेक, पहिला गिअर, आणि तिरक्या विरुद्ध कोपऱ्यातल्या चाकाला दगड. नट कोपऱ्याकोपऱ्याने आवळा, गोल फिरून नाही. पन्नास किलोमीटर चालल्यावर परत एकदा पाना लावा, ढिले होतात.

घरी पोचल्यावर गाडी लावून लगेच आत जाऊ नका, चारही रिमच्या मधोमध हाताची पाठ जवळ नेऊन बघा. चारही साधारण सारखे गरम असतील तर ठीक. एकच जास्त तापलेलं असेल तर तिथे ब्रेक अडकतोय किंवा बेअरिंग चाललंय, पुढच्या फेरीआधी ते चाक उघडून घ्या.